लवणप्रिय आर्कियांतील नायट्रेट-श्वसन : एका एंझाइमाच्या स्थाननिश्चितीचा इतिहास

जीवरसायनशास्त्राचा इतिहास हा बहुधा शुद्धीकरणाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक एंझाइम पेशीतून कोणत्या वर्षी वेगळे काढण्यात आले, त्याचा रेणुभार किती भरला, कोणत्या धातूवाचून त्याचे कार्य अडते आणि कोणत्या विषाने ते थांबते, या प्रश्नांची उत्तरे कालानुक्रमाने मांडली की त्या एंझाइमाचा इतिहास पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. या प्रथेत एक प्रश्न सहसा मागे पडतो. ते एंझाइम जिवंत पेशीत नेमके कोठे असते, हा तो प्रश्न होय. पेशी फोडून, गाळून आणि धुऊन एंझाइम हाती आले की त्याचे मूळ स्थान नाहीसे झालेले असते. उरतात ते केवळ त्याचे गुणधर्म.

लवणप्रिय आर्कियांतील नायट्रेट रिडक्टेस या एंझाइमाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हे एंझाइम १९९१ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाले. तथापि ते पेशीपटलाच्या आतल्या अंगास कार्य करते की बाहेरच्या, या प्रश्नाची साकल्याने चर्चा होण्यास २००७ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्याच्या मिठाशी असलेल्या संबंधाविषयी जी निरीक्षणे प्रसिद्ध झाली ती वरवर पाहता परस्परविरोधी होती. त्या विरोधाचे स्वरूप, त्याची कारणे आणि स्थाननिश्चितीमुळे या प्रश्नाला मिळालेले वळण यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. दोन स्वतंत्र प्रवाह

या विषयाचा उगम परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन प्रवाहांत सापडतो. पहिला प्रवाह व्यापारी गरजेतून निघाला. खारवलेल्या मासळीवर उन्हाळ्यात लाल डाग पडतात व मासळी नासते, ही तक्रार उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील व्यापाऱ्यांना जुनीच होती. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फार्लो यांनी कॉड मासळीवरील या लालीचा अभ्यास करून तिचे मूळ सूक्ष्मजीवांत असल्याचे १८८० च्या सुमारास दाखविले, आणि ते सूक्ष्मजीव मासळी खारवण्यासाठी वापरलेल्या मिठाबरोबरच येत असावेत असे मत मांडले. पुढे १९२२ मध्ये कॅनडातील हॅरिसन व केनेडी यांनी अशा मासळीतून एक जीवाणू वेगळा केला व त्यास ‘स्यूडोमोनास सॅलिनारिया’ हे नाव दिले. नेदरलंड्समध्ये हेलेना पेटर यांनी १९३१–३२ मध्ये खारवलेल्या मासळीतील तांबड्या जीवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. या सर्व संशोधकांचे लक्ष लाल रंगावर आणि मासळीच्या नासाडीवर होते. हे जीव श्वसन कसे करतात, याची चौकशी त्यांच्या कार्यक्षेत्राबाहेरची होती.

दुसरा प्रवाह शेतीच्या प्रश्नातून निघाला. जमिनीतील नायट्रेट हे पिकांचे अन्न. ते वायुरूपाने उडून जाते याची खंत कृषिरसायनज्ञांना होती. बोर्डो येथील गेयाँ व द्युप्ती यांनी १८८२ पासून या क्रियेचा अभ्यास केला आणि ती जीवाणूंची कृती असल्याचे सिद्ध करून तिला विनायट्रीकरण या अर्थाचे नाव दिले. केंब्रिज येथे क्वास्टेल, स्टीफन्सन व व्हेटहॅम यांनी १९२५ मध्ये असे दाखविले, की ऑक्सिजन नसताही नायट्रेट उपलब्ध असल्यास आतड्यातील सामान्य जीवाणूची वाढ होऊ शकते. अर्थात ऑक्सिजनचे काम नायट्रेट करू शकते. जपानमध्ये एगामी आणि त्यांचे सहकारी सातो यांनी १९४९ पासून या क्रियेच्या एंझाइमाचा अभ्यास हाती घेतला. नायट्रेटचा पेशीद्रव्य बनविण्यासाठी होणारा उपयोग आणि ऊर्जा मिळविण्यासाठी होणारा उपयोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक त्या काळात रूढ झाला. पहिल्यास सात्मीकरण म्हणावे व दुसऱ्यास नायट्रेट-श्वसन.

या भेदाचे महत्त्व थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. श्वसन म्हणजे अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीपटलातील वाहकांच्या साखळीतून अखेरच्या ग्राहकापर्यंत पोचविणे आणि त्या प्रवासात सुटणारी ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युत्-रासायनिक अंतराच्या रूपाने साठविणे. हा ग्राहक सामान्यतः ऑक्सिजन असतो. ऑक्सिजनपासून पाणी बनण्याचा प्रमाण क्षपणविभव सुमारे ०.८२ व्होल्ट, तर नायट्रेटपासून नायट्राइट बनण्याचा सुमारे ०.४२ व्होल्ट आहे. म्हणजे नायट्रेटवर चालणाऱ्या श्वसनात मिळकत कमी असते. परंतु ऑक्सिजन नसेल तेथे ती पुरेशी ठरते. नायट्राइटपाशी न थांबता काही जीव पुढे नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू येथपर्यंत ही क्रिया नेतात. प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र एंझाइम लागते आणि त्यांतील पहिले नायट्रेट रिडक्टेस होय.

संपृक्त लवणजलात या क्रियेचे महत्त्व सहज लक्षात येते. मीठ जितके अधिक तितका पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. मिठाने संपृक्त झालेल्या पाण्यात त्याचे प्रमाण त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे एकपंचमांशावर येते, आणि त्या पाण्यात जीवांची दाटी झाली की उरलेला ऑक्सिजनही लवकर संपतो. अशा ठिकाणी दुसरा ग्राहक वापरू शकणाऱ्या जीवास टिकाव धरण्याची अधिक संधी असणार हे उघड आहे. असे असूनही वरील दोन प्रवाह एकत्र येण्यास बराच काळ लागला.

२. मृत समुद्रातील जीव व हरवलेले संवर्धन

हे दोन प्रवाह प्रथम एकत्र आले ते मृत समुद्राच्या काठी. या पाण्यात कोणताही जीव राहू शकत नाही, असा समज त्याच्या नावातच गोवलेला आहे. जेरुसलेम येथील तरुण संशोधक बेंजामिन विल्कान्स्की, जे पुढे एलाझारी-व्होल्कानी या नावाने प्रसिद्ध झाले, यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहून त्या समजास धक्का दिला. १९४० मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात त्यांनी मृत समुद्रातील अनेक सूक्ष्मजीवांचे वर्णन केले. त्यांपैकी एका लवणप्रिय जीवाणूस त्यांनी मृत समुद्रावरूनच ‘मारिसमॉर्टुई’ हे जातिनाम दिले. हा जीव नायट्रेटपासून नायट्राइट व वायू निर्माण करतो अशी नोंद त्याच्या वर्णनात आहे. लवणप्रिय जीवांतील विनायट्रीकरणाच्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय.

परंतु ही नोंद पुढे अनेक वर्षे तशीच पडून राहिली. त्याचे एक कारण असे, की त्या जीवाचे मूळ संवर्धनच नष्ट झाले. सूक्ष्मजीवशास्त्रात जिवंत संवर्धन हाच पुरावा असतो. ते हरवले म्हणजे वर्णन कितीही काटेकोर असले तरी त्याची फेरतपासणी करता येत नाही. मृत समुद्रातून गिन्झबर्ग दांपत्याने १९६० नंतरच्या दशकात एक लवणप्रिय जीव पुन्हा वेगळा केला व त्याच्या पेशीतील आयनांच्या प्रमाणाचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्या जीवास बराच काळ विधिवत नाव नव्हते; ‘मृत समुद्रातील हॅलोबॅक्टेरियम’ एवढाच त्याचा उल्लेख होत असे. इस्राएलमधील वेर्बर व मेव्हारेख यांनी १९७८ मध्ये याच जीवात नायट्रेट-श्वसनाची यंत्रणा प्रवर्तित होते असे दाखविले आणि त्याच्या लोह-गंधकयुक्त फेरेडॉक्सिन या प्रथिनाचा त्या क्रियेशी संबंध असावा असे सुचविले.

अखेर १९९० मध्ये ओरेन, गिन्झबर्ग दांपत्य, हॉकस्टाइन आणि व्होल्कानी यांनी संयुक्त निबंध लिहून या जीवास ‘हॅलोआर्क्युला मारिसमॉर्टुई’ या नावाने पुनःप्रस्थापित केले. ज्या संशोधकाने मूळ वर्णन लिहिले त्याच संशोधकाने पन्नास वर्षांनंतर त्या नावाच्या पुनरुज्जीवनात सहभागी व्हावे, असा योग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच येतो. याच जीवाच्या रायबोसोमचा मोठा उपघटक २००० मध्ये अणुपातळीवर उलगडला गेला व तेव्हापासून हे नाव जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित झाले. त्याच्या नायट्रेट-श्वसनाची कथा मात्र तितकीशी कोणी सांगत नाही.

३. मिठाची कसोटी

पुढील वादाचे मर्म समजण्यासाठी लवणप्रिय एंझाइमांविषयी प्रचलित झालेली धारणा ध्यानात घेणे आवश्यक आहे. ओटावा येथील बॅक्स्टर व गिबन्स यांनी १९५४ मध्ये अशा जीवांच्या एंझाइमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य जीवाणूंच्या एंझाइमांना ज्या तीव्र लवणजलात काम करणे अशक्य होते त्यात लवणप्रिय जीवांची एंझाइमे उत्तम चालतात, असे त्यातून दिसून आले. १९६२ मध्ये ख्रिश्चन व वॉल्थो यांनी पेशींच्या आतील आयनांचे मापन करून असे दाखविले, की या जीवांच्या पेशीत पोटॅशियमचे प्रमाण अतिशय मोठे असते. बाहेर सोडियम क्लोराइड आणि आत पोटॅशियम क्लोराइड, अशी ही तोलाची व्यवस्था आहे.

अशा द्रवात कार्य करणाऱ्या प्रथिनांची घडणही निराळी असते. त्यांच्या पृष्ठभागावर अॅस्पार्टिक व ग्लुटामिक या आम्लधर्मी अमिनो आम्लांची विपुलता असून त्यांमुळे पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भारांची दाटी होते. मिठाचे आयन सभोवती असेतोवर ही घडण स्थिर राहते. मीठ काढून घेतले की हे भार परस्परांस दूर लोटतात, प्रथिनाची घडी उलगडते व एंझाइम निष्क्रिय होते. त्यामुळे ‘मीठ काढताच नष्ट होणारे ते लवणप्रिय एंझाइम’ अशी एक सोपी कसोटी रूढ झाली. १९७७ मध्ये वूज व फॉक्स यांनी सजीवांच्या तिसऱ्या कुलाची कल्पना मांडली आणि लगेच पुढच्या वर्षी अतिलवणप्रिय जीव त्या कुलातलेच असल्याचे दिसून आले. ‘आर्किया’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या कुलाच्या वेगळेपणाचे एक लक्षण म्हणूनही ही कसोटी पाहिली जाऊ लागली.

कसोटी उपयुक्त होती यात शंका नाही. तथापि तिच्यात एक गृहीत दडलेले होते. तीत एंझाइमाचा विचार मुक्त द्रवात तरंगणाऱ्या प्रथिनाप्रमाणे केलेला होता. पटलास चिकटलेल्या आणि त्याच्या अलीकडे वा पलीकडे बसविलेल्या एंझाइमास ती जशीच्या तशी लागू पडेल की नाही, हा प्रश्न तेव्हा कोणास पडण्याचे कारण नव्हते.

४. सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठचे संशोधन

तो प्रश्न निर्माण झाला कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी मोठी मिठागरे होती आणि त्यांच्या शेजारीच अमेरिकन अंतराळ संस्थेचे एम्स संशोधन केंद्र आहे. परग्रहावर जीव असलेच तर ते कशा परिस्थितीत तग धरतील, या जिज्ञासेपोटी तेथे लवणप्रिय जीवांचा अभ्यास चालू होता. त्या केंद्रातील हॉकस्टाइन व टॉमलिन्सन यांनी १९८५ मध्ये अतिलवणप्रिय जीवांतील विनायट्रीकरणावर निबंध प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये टॉमलिन्सन, यान्के व हॉकस्टाइन यांनी मिठागरातून मिळालेल्या एका जीवाचे ‘हॅलोबॅक्टेरियम डीनायट्रिफिकन्स’ या नावाने वर्णन केले. पुढे त्याचा समावेश ‘हॅलोफेरॅक्स’ या प्रजातीत करण्यात आला.

या जीवापासून हॉकस्टाइन व लँग यांनी १९९१ मध्ये नायट्रेट रिडक्टेस शुद्ध केले. सुमारे १,१६,००० व ६०,००० रेणुभाराचे दोन उपघटक त्यात आढळले. ते क्लोरेटचेही क्षपण करीत होते आणि अॅझाइड व सायनाइड यांनी त्याचे कार्य मंदावत होते. इतपत सर्व काही जीवाणूंतील परिचित नायट्रेट रिडक्टेसशी जुळणारे होते. अनपेक्षित गोष्ट निराळीच होती. मिठाच्या अभावी हे एंझाइम केवळ टिकून राहत होते असे नव्हे, तर त्याची क्रियाशीलता मिठाच्या अभावीच सर्वांत अधिक होती. चार मोलर मिठात वाढणाऱ्या जीवाचे हे एंझाइम रूढ कसोटीच्या नेमके उलट वागत होते.

या निरीक्षणाचा अर्थ लावताना शुद्धीकरणाच्या पद्धतीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. या संशोधकांनी पटलांचे तुकडे मीठरहित विद्रावात ठेवले आणि एवढ्यानेच एंझाइम पटलापासून सुटून द्रवात आले. या कृतीतून दोन अनुमाने निघतात. पहिले असे, की हे एंझाइम पटलात खोलवर रुतलेले नसून त्याच्या पृष्ठभागास लागून असले पाहिजे आणि ते तेथे धरून ठेवण्यात मिठाचा वाटा असला पाहिजे. दुसरे अनुमान सावधगिरीचे आहे. ज्या पद्धतीचा पहिलाच टप्पा मीठ काढून घेण्याचा आहे तीतून मीठरहित द्रवात तग न धरणारे एंझाइम क्रियाशील अवस्थेत हाती येण्याची शक्यता फार कमी. यामुळे मूळ निरीक्षणास उणेपणा येत नाही. परंतु ते सर्व लवणप्रिय नायट्रेट रिडक्टेसांचे प्रातिनिधिक आहे असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. पृष्ठभागास लागून म्हणजे कोणत्या पृष्ठभागास, आतल्या की बाहेरच्या, हा प्रश्नही शुद्ध एंझाइमाकडे पाहून सुटण्याजोगा नव्हता.

५. विरोधी साक्ष

या सावधगिरीची आवश्यकता २००० मध्ये प्रत्ययास आली. जपानमधील योशिमात्सु, साकुराई व फुजिवारा यांनी ‘हॅलोआर्क्युला मारिसमॉर्टुई’पासून, म्हणजे व्होल्कानी यांनी नाव दिलेल्या जीवापासून, हेच एंझाइम शुद्ध केले. त्यात मॉलिब्डेनम असल्याची खूण चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटात स्पष्ट दिसली. क्लोरेटचे क्षपण याही एंझाइमाने केले. परंतु मिठाच्या बाबतीत त्याचे वर्तन निराळे होते. तीव्र लवणजलात त्याची क्रियाशीलता वाढत होती, २.७ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये त्याचा प्रत्येक रेणू सेकंदास १४५ नायट्रेट आयनांचे रूपांतर करीत असल्याचे मापन करण्यात आले.

एकाच कुलातील दोन जवळच्या प्रजाती, एकाच क्रियेचे एंझाइम आणि मिठाविषयी दोन विरुद्ध साक्षी, अशी ही स्थिती होती. यांतील एक चूक व दुसरी बरोबर असे समजण्याचे कारण नाही. जीव भिन्न होते, शुद्धीकरणाच्या पद्धती भिन्न होत्या व मोजणीच्या अटीही सारख्या नव्हत्या. शिवाय शुद्ध एंझाइमाच्या घडणीविषयीचे अंदाजही बदलत होते. जपानी संशोधकांनी आरंभी आपले एंझाइम एकाच प्रकारच्या चार साखळ्यांचे मानले होते. १९९१ च्या एंझाइमात मात्र दोन भिन्न उपघटक होते. २००२ मध्ये योशिमात्सु, इवासाकी व फुजिवारा यांनी जनुकांचा क्रम वाचला तेव्हा येथेही ‘जी’ व ‘एच’ असे दोन भिन्न उपघटक असल्याचे स्पष्ट झाले. शुद्धीकरणाने जे पुरते सांगता आले नव्हते ते जनुकांनी सांगितले.

याच सुमारास स्पेनमधील अलिकान्ते विद्यापीठात बोनेते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हॅलोफेरॅक्स मेडिटेरानेई’ या जीवावर काम चालविले होते. भूमध्य समुद्रकाठच्या मिठागरातून मिळालेल्या या जीवात नायट्रेटचे सात्मीकरण करणारे आणि श्वसनासाठी वापरले जाणारे अशी दोन्ही प्रकारची नायट्रेट रिडक्टेसे असतात. पहिल्याचे शुद्धीकरण २००१ मध्ये व दुसऱ्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. एगामी यांच्या काळात संकल्पनेच्या पातळीवर केलेला भेद येथे एकाच पेशीतील दोन स्वतंत्र प्रथिनांच्या रूपाने प्रत्यक्ष दिसून आला. २००४ च्या निबंधात श्वसनाच्या एंझाइमाबरोबर त्याच्या जनुकांचेही विश्लेषण होते, आणि स्थानाच्या प्रश्नाची किल्ली त्या जनुकांतच होती.

६. आत की बाहेर

आतड्यातील सामान्य जीवाणू एश्चेरिकिया कोलाय याच्या नायट्रेट रिडक्टेसाची स्फटिकरचना २००३ मध्ये उलगडली गेली. त्यात तीन उपघटक आहेत. मॉलिब्डेनम धारण करणारा मोठा उपघटक व लोह-गंधकयुक्त मधला उपघटक हे दोन्ही पेशीच्या आत, पटलास लागून असतात. तिसरा उपघटक पटलात रुतलेला असून त्यात दोन हीम असतात. क्विनॉल या वाहकाचे ऑक्सिडीभवन पटलाच्या बाहेरच्या अंगास होते, तेव्हा प्रोटॉन बाहेर सुटतात. इलेक्ट्रॉन मात्र हीममार्गे पटल ओलांडून आत येतात आणि नायट्रेटला मिळतात. विद्युत्‌भार पटलापार नेला जात असल्याने या एकाच एंझाइमाच्या कार्यातून ऊर्जा साठविली जाते. त्याची किंमत अशी, की नायट्रेटला आत आणावे लागते आणि त्यासाठी वाहतूक करणारे वेगळे प्रथिन लागते.

लवणप्रिय आर्कियांच्या जनुकांत याहून निराळे चित्र दिसले. मोठ्या उपघटकाच्या आरंभी दोन लागोपाठ आर्जिनिने असलेला एक विशिष्ट क्रम आढळला. असा क्रम म्हणजे पेशीच्या आत पूर्ण घडी पडलेल्या प्रथिनास पटलापार बाहेर पाठविण्याची खूण होय. ज्या प्रथिनांत धातूयुक्त सहघटक पेशीच्या आतच बसवावे लागतात त्यांच्यासाठी हा मार्ग सामान्यतः वापरला जातो. लवणप्रिय आर्किया तर आपली बहुतेक स्रावी प्रथिने याच मार्गाने बाहेर पाठवितात असे २००२ मधील संशोधनाने सुचविले होते. अर्थात या जीवांत नायट्रेटचे क्षपण पेशीच्या बाहेरच्या अंगास होत असले पाहिजे.

अलिकान्ते येथील मार्तीनेझ-एस्पिनोसा व बोनेते आणि नॉरिच येथील रिचर्डसन यांनी इतर सहकाऱ्यांसह २००७ मध्ये या प्रश्नाची समग्र चर्चा केली. सक्रिय स्थान पटलाच्या बाहेरच्या, म्हणजे धनभारित बाजूस असलेल्या नायट्रेट रिडक्टेसांचा एक गटच त्यांनी दाखवून दिला. या गटातील एंझाइमांत मॉलिब्डेनमला अॅस्पार्टेटचा आधार असावा असे त्यांनी वर्तविले व सेलेनेट रिडक्टेसांशी त्यांचे नाते स्पष्ट केले. विशेष महत्त्वाची गोष्ट अशी, की हा गट केवळ आर्कियांपुरता मर्यादित नव्हता. काही बॅक्टेरियांतही अशीच बाहेर तोंड केलेली एंझाइमे आढळली होती. म्हणून बाह्य स्थान हे तिसऱ्या कुलाचे एकमेव वैशिष्ट्य ठरत नाही. ही रचना दोन कुलांच्या सीमेपलीकडे पसरलेली आहे.

स्थान बदलले की ऊर्जेचा हिशेबही बदलतो. क्विनॉलचे ऑक्सिडीभवन बाहेरच्या अंगास झाले आणि नायट्रेटचे क्षपणही बाहेरच झाले, तर सुटणारे प्रोटॉन तेथेच वापरले जातात आणि पटलापार भार नेला जात नाही. केवळ या एंझाइमाच्या कार्यातून काहीच शिल्लक उरत नाही. मग हे श्वसन जीवास उपयोगी कसे पडते? याचे सूचक उत्तर शेजारच्या जनुकांत मिळते. नायट्रेट रिडक्टेसच्या जनुकांलगतच सायटोक्रोम-बी व रिस्के प्रकारचे लोह-गंधक प्रथिन यांसारख्या प्रथिनांची जनुके आहेत. अशी प्रथिने इतरत्र क्विनॉलच्या चक्राद्वारे प्रोटॉन पटलापार नेण्याचे काम करतात. येथेही त्यांचा तसाच उपयोग होत असेल, तर ऊर्जा साठविण्याचे काम या शेजाऱ्यांकडे असून नायट्रेट रिडक्टेस हे केवळ इलेक्ट्रॉनांचे अखेरचे ठिकाण ठरते. त्याबदली नायट्रेटला पेशीच्या आत आणण्याचा व्याप वाचतो आणि विषारी नायट्राइटही पेशीबाहेरच तयार होते.

आता मिठाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळता येईल. एंझाइमाचे स्थान बाहेर ठरल्याने १९९१ व २००० मधील विरोध मिटला असे म्हणणे घाईचे होईल. बाहेरच्या अंगासही तीव्र लवणजलच असते. त्यामुळे मीठ नसताना अधिक क्रियाशील असलेल्या एंझाइमाचे कोडे केवळ स्थानाने सुटत नाही. त्याचे स्वरूप मात्र बदलते. पेशीतील द्रव जीव स्वतः राखतो व तो बराच स्थिर असतो. बाहेरचे पाणी पावसाने पातळ होते आणि उन्हाने आटते. बाहेर तोंड केलेल्या एंझाइमास मिठाच्या एकाच पातळीची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून ‘या एंझाइमास मीठ हवे की नको’ या प्रश्नाऐवजी ‘मिठाच्या केवढ्या पल्ल्यात ते कार्य टिकविते’ हा प्रश्न अधिक अर्थपूर्ण ठरतो. ज्या कसोटीने लवणप्रिय एंझाइमांची व्याख्या केली जात होती ती पेशीद्रवातील एंझाइमांवरून बनविलेली होती. तिची मर्यादा दाखवून देणे हे या एंझाइमाच्या इतिहासाचे मुख्य फलित मानावे लागेल.

७. प्रश्नाचे आजचे महत्त्व

हा सर्व ऊहापोह केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. ओरेन यांनी लवणजलातील ऊर्जाव्यवहाराचा आढावा घेताना १९९९ मध्ये असे निदर्शनास आणले होते, की अमोनियापासून नायट्रेट बनविणारे जीव तीव्र लवणजलात आढळत नाहीत. याचा अर्थ असा, की मिठागरातील नायट्रेट तेथेच पुरेसे निर्माण होत नाही. ते बहुतांशी बाहेरून येते. शेतीतील खतांचे व वस्त्यांतील सांडपाण्याचे नायट्रेट जेथे अशा पाण्यात पोचते तेथे या जीवांच्या श्वसनास नवा पुरवठा मिळतो. त्यांचा उपयोग खाऱ्या सांडपाण्यातील नायट्रेट व नायट्राइट काढण्यासाठी करावा अशी सूचना अलिकान्ते येथील संशोधकांनी २०१२ मध्ये केली, ती याच आधारावर.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. विनायट्रीकरण मध्येच अडले तर नायट्रस ऑक्साइड वातावरणात सुटतो. शंभर वर्षांच्या कालावधीत या वायूचा तापवर्धक परिणाम समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट असल्याचे आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. अनेक लवणप्रिय आर्कियांच्या जनुकसंचांची तुलना करून २०१७ मध्ये असे सुचविण्यात आले, की त्यांतील क्विनॉलवर अवलंबून असणारे नायट्रिक ऑक्साइड रिडक्टेस हे अतिलवण परिसरातील नायट्रस ऑक्साइडचे महत्त्वाचे उगमस्थान असावे. यास्तव या जीवांना सांडपाण्याच्या शुद्धीसाठी कामास लावताना साखळी नायट्रोजनपर्यंत पुरी होते की वाटेत तुटते, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

क्लोरेटविषयीच्या जुन्या निरीक्षणासही नवा अर्थ प्राप्त झाला आहे. हॉकस्टाइन व लँग यांनी १९९१ मध्ये आणि जपानी संशोधकांनी २००० मध्ये क्लोरेटचे क्षपण नोंदविले ते एंझाइमाच्या ओळखीची एक खूण म्हणून. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ या यानास मंगळाच्या मातीत परक्लोरेट आढळले, तेव्हापासून क्लोरीनच्या अशा संयुगांवर लवणप्रिय जीव तग धरू शकतील काय, ही जिज्ञासा जागृत झाली. एम्स येथे ज्या हेतूने हा अभ्यास सुरू झाला होता त्या हेतूशी हे निरीक्षण अनपेक्षितपणे येऊन भिडले.

या इतिहासाकडे समग्रतेने पाहता एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. यातील कोणतेही महत्त्वाचे पाऊल आधीच्या निरीक्षणाला खोटे ठरवून पडलेले नाही. व्होल्कानी यांची १९४० ची नोंद, वेर्बर व मेव्हारेख यांचे प्रवर्तनाचे निरीक्षण, हॉकस्टाइन व लँग यांची मीठरहित क्रियाशीलता आणि योशिमात्सु यांची लवणजलातील वाढती क्रियाशीलता, ही सर्व निरीक्षणे आपापल्या जागी ग्राह्य आहेत. उणीव होती ती त्यांना एकत्र बांधणाऱ्या प्रश्नाची, आणि तो प्रश्न स्थानाचा होता. पेशीपासून अलग केलेल्या एंझाइमाचे गुणधर्म मोजणे हे आवश्यक कार्य आहे. परंतु त्या गुणधर्मांचा अर्थ लावावयाचा तर ते एंझाइम ज्या पटलापासून अलग केले त्या पटलाकडे आणि पटलाबाहेरील पाण्याकडे परत जावेच लागते. पटलावरील एंझाइमांचा अभ्यास हाती घेणाऱ्या संशोधकाने शुद्धीकरणाचा पहिला विद्राव तयार करण्यापूर्वीच हा प्रश्न आपल्या टिपणवहीत लिहून ठेवावा, एवढा बोध या इतिहासातून निश्चितपणे घेता येतो.